चंचीची पाठ

तानुबाईला त्या चंचीतून मिळण्यासारखं एवढंच होतं: जुन्या धुळ्यात धनकुंवरबाईंच्या माडीवरची एक खोली, खोलीला एक खिडकी, आणि वर्षातून तीनदा बोचकं न बांधण्याचं सुख. भाची पुष्पाचं शिक्षण यात धरलेलं नाही. ते पुष्पाच्या खात्यात.

बोचकं तीनदा का, तर वाटणीमुळे. शिरपूरच्या अलीकडची वडिलांची जमीन तिच्या तीन भावांत पडली तेव्हा शेताचे तीन तुकडे झाले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागल्या, पितळेचे हंडेसुद्धा वजन करून वाटले गेले. शिवणाच्या मशीनचे मात्र तुकडे होईनात. मधले झुलालनाना धुळ्याच्या कोर्टात कारकून. त्यांनी मशीनलाही पाळी लावली. अक्षय्यतृतीयेच्या अखाजीपासून पोळ्यापर्यंत थोरल्या चुडामणआबांकडे, पोळा ते संक्रांत धुळ्याला नानांकडे, संक्रांत ते अखाजी धाकट्या वनाकडे. मशीन चालवता येई एकट्या तानुबाईला, म्हणून मशीन जाईल तिकडे त्यांची ही बहीण. कागदात मशीनचा उल्लेख होता, तिचा नव्हता. खरं तर अकराव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी परतली तेव्हा वडिलांनी ते मशीन तिच्याच पोटापाण्यासाठी घेतलं होतं. ही गोष्ट तिघाही भावांना चांगली आठवत होती, आणि म्हणूनच कुणी ती काढत नसे.

यंदाची अखाजी आबांच्या घरी होती. पितरांना आगारी, म्हणजे निखाऱ्यावर घास, टाकून झाली होती, खापरावरचे मांडे उतरत होते, आंब्याचा रस काढून ठेवला होता, आणि अंगणातल्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर गल्लीतल्या माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. अशा वेळी नानांनी खिशातून धुळ्याच्या मुलींच्या शाळेचं पत्र काढलं. वनाच्या पुष्पाला चित्रकलेच्या वर्गात घेतलं होतं. गावच्या शाळेत तिनं काढलेल्या बैलजोडीवर खूश होऊन तपासणीच्या साहेबांनी तिला रंगांची पेटी बक्षीस दिली होती, त्यातूनच हे सगळं उपटलं होतं.

"शिसपेन्सिली तीन," नाना वाचू लागले, "कुंचले दोन, रबर एक, कंपास, रंगांची पेटी. व हे सर्व नीट राहील अशी कप्प्यांची कापडी पिशवी, घरी शिवलेली. पिशवीवाचून मुलीस वर्गात बसता येणार नाही."

"पिशवी कसाले?" आबा म्हणाले. "चंची शिव म्हणा तानुले. पानसुपारीनी ऱ्हास, तशी. कप्पाच कप्पा, गुंडाळी लिधं का झालं."

हा एक मुद्दा मतभेदाशिवाय पार पडला. आजच्या दिवसातला तो शेवटचा.

कारण चंचीला कापड लागतं, आणि साल होतं पंचेचाळीसचं. कापड कंट्रोलमध्ये, माणशी मोजून मिळायचं. इंदरचंद शेटच्या दुकानासमोर पहाटेपासून रांग लागे. अशा दिवसांत जो कापड देईल तो मुलीचा धनी ठरेल, हे तिघांनाही एकाच वेळी सुचलं. भाऊ सख्खे होते.

"मी देतो," नाना म्हणाले. "नाहीतरी धुळ्यात ती राहणार आमच्याचकडे."

नानांच्या घरी दोन वर्षांची जुळी होती आणि पत्नीची कंबर दुखत असे. शाळा भरायची अकराला आणि सुटायची पाचला. दिवसाचे उरलेले तास नानांनी मनात आधीच वाटून टाकले होते: सकाळी पाणी आणि जुळी, संध्याकाळी जुळी आणि भांडी. मोलकरीण बंद केली तर मुलीचं जेवण परवडत होतं, वर कुटुंबवत्सल म्हणून नावही होणार होतं.

"माझी मुलगी कुणाच्या घरी राहणार नाही," वना म्हणाला. "ती आश्रमात राहील. सूत कातेल. मी तुरुंगात असताना..."

"तेवीस दिवस," नाना म्हणाले.

"तेवीस का होईनात, नाना. तुम्ही तेव्हा कोर्टात माझ्याच खटल्याचे कागद शिवत होता."

"तेवढंच एक शिवण मी केलं आयुष्यात. नीट केलं होतं."

आबांनी हात वर केला. त्यांच्या मते मुलीनं कुठेच जायला नको होतं, पण ते तसं म्हणाले असते तर दोघे धाकटे एक झाले असते, आणि दोघे धाकटे एक होऊ न देणं हेच तर थोरल्याचं काम. ते म्हणाले, "कापड मी देस. बापना पागोटाना. मंग पाहू, कोन कोठे ऱ्हास ते."

सैपाकघराच्या दारात उभ्या भिकुबाईनं, म्हणजे आबांच्या बायकोनं, पागोटं ऐकून निश्वास सोडला. ते पागोटं कसरीनं कधीच खाल्लेलं होतं. तिला धास्ती होती दुसऱ्या कापडाची. बाजरीच्या कणगीत, दाण्यांच्या खाली, कोऱ्या मांजरपाटाचं अख्खं ठाण तिनं पुरून ठेवलं होतं. ते इंदरचंद शेटच्या मागच्या दारानं आलं होतं आणि आबांनाही माहीत नव्हतं. शिवाय आजपासून मशीनची पाळी तिची. चार महिने तानुबाई गावातल्या बायकांच्या चोळ्या शिवणार, बायका पायलीपायलीनं ज्वारी आणून घालणार, आणि ज्वारी भिकुबाईच्या कोठीत पडणार. शिवणारणीला दोन वेळचं जेवण मिळतच होतं.

"तिन्ही चुलींचं कापड घ्या की," ओसरीवरून तानुबाई म्हणाली. ती मशीनला तेल घालत होती आणि तिनं मान वर केली नाही. "मुलगी घराण्याची आहे. एकेक कप्पा एकेकाचा."

हे इतकं न्यायाचं होतं की प्रत्येकाला त्यातला आपला फायदा दिसू लागला. पहिला दिसला नानांना.

"मग रंगांची पेटी कुणाच्या कप्प्यात?"

पेन्सिली काय, रबर काय, ती किरकोळ मालमत्ता होती. पेटी म्हणजे गावठाणातली जागा. आबा म्हणाले थोरल्याच्या, वना म्हणाला बापाच्या, नाना म्हणाले धुळ्याच्या. झोक्यावरच्या बायका गाणं थांबवून ऐकू लागल्या. मांडे गार होत होते.

वनाची बायको यशोदाबाई रसाचं पातेलं घेऊन जाता जाता पुटपुटली, "पोरीले कोनी इचारं का?"

तिला बोलायची सवय नव्हती, म्हणून तिचं बोलणं ऐकलं गेलं. पुष्पानंच ठरवावं. ठरावाला तिघेही हसतमुखानं तयार झाले, कारण सकाळपासून प्रत्येकानं मुलीकडे आपापली पेरणी करून ठेवली होती. भिकुबाईनं नवऱ्याच्या वतीनं तिला दोन सांजोऱ्या जास्त वाढल्या होत्या. नानांनी कोर्टातली अर्धी वापरलेली तांबडी-निळी पेन्सिल दिली होती. वनानं स्वावलंबनावर उपदेश दिला होता.

तेरा वर्षांच्या पुष्पानं सांजोऱ्या खाल्ल्या, पेन्सिल ठेवून घेतली आणि उपदेश ऐकताना वडिलांच्या नाकाचं चित्र मनात काढलं. नाक तिघा भावांचं एकच होतं. फक्त आबांचं खाली पाहायचं, नानांचं बाजूला आणि तिच्या वडिलांचं वर. फुईचंही, म्हणजे तानुआत्याचंही, नाक तेच, पण ते कुठे पाहतं हे तिला अजून कागदावर जमलं नव्हतं.

नानांनी दौत मागवली. तोंडी गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. तोंडी गोष्टींवरच त्यांचं कोर्ट चालत होतं. त्यांनी लिहिलं:

"एक. सदरहू चंचीस तिन्ही भावांनी सारख्या मापाचा एकेक कप्पा द्यावा. कमीजास्त करू नये. दोन. रंगांची पेटी कोणत्या कप्प्यात राहील ते मुलीने ठरवावे. तीन. पेटी ज्या कप्प्यात राहील त्या कप्प्याचे कापड देणाराने मुलीच्या मुक्कामाची व सोबतीची व्यवस्था ठरवावी. चार. त्यास इतरांनी हरकत घेऊ नये."

आबांनी अंगठा उठवला, वनानं सही केली आणि सहीखाली 'सत्याग्रही' लिहिलं. मग माप आलं.

"कप्पा वीतभर," आबा म्हणाले आणि त्यांनी आपला पंजा पसरला. नांगर धरलेला पंजा तो, त्यात नानांच्या दीड विती बसत होत्या.

"कुणाची वीत?" नानांनी विचारलं. "तुमच्या वितीनं माझा कोट उघडा पडेल."

"तुन्या वितमा तर सुपारीबी मावाव नही."

"सरासरी काढू," वना म्हणाला.

"तू तुरुंगात सरासरी शिकलास की काय?"

"जिची चंची तिची वीत," तानुबाई म्हणाली. "पुष्पे, ये. पंजा ठेव इथं."

पुष्पानं मशीनच्या फळीवर पंजा ठेवला. तानुबाईनं अंगठ्यापासून करंगळीपर्यंत दोरा ताणून गाठ मारली. मुलीची वीत सगळ्यांत लहान, म्हणजे कापड सगळ्यांत कमी. तिघांच्याही चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्याच दोऱ्याला थोडं पुढे आधीची एक गाठ होती. ती कशाची, हे कुणी विचारलं नाही. रंगांची पेटी सकाळपासून तानुबाईच्या मांडीखाली पदरात होती; तीही कुणी मागितली नाही. पेटीवरून भांडणाऱ्यांपैकी एकालाही ती पाहायची गरज वाटली नव्हती.

कापडं आली. आबांनी पागोट्याचा लाल तुकडा दिला, धरला तर त्यातून झोका दिसत होता. नानांनी अंगातला काळा कोट काढून आतल्या अस्तराचा तुकडा कापू दिला, बाहेरून जाणवणार नाही अशा जागचा. वनानं स्वतः कातलेल्या सुताची खादी दिली. ती इतकी जाड होती की तानुबाईनं आधी सुई बदलली.

"आणि पाठ?" तिनं विचारलं.

"कसली पाठ?"

"कप्पे कशावर शिवू? चंचीला पाठ लागते. तीन विती रुंद, तीन विती लांब, दुहेरी. वर झाकण, कडेला बंद."

एवढं कापड तिन्ही कप्प्यांच्या सहापट होत होतं, आणि चंची गुंडाळली की कप्पे आत जातात, बाहेर राहते ती पाठ. मळते, घासते, आणि तिच्यावर कुणाचं नाव नसतं. आबांना एकाएकी जेवणाची आठवण झाली. नाना म्हणाले, कलमांत पाठीचा उल्लेख नाही. वना म्हणाला, देशात कापडाची टंचाई का आहे हे आपण समजून घेतलं पाहिजे.

"वहिनी?" तानुबाईनं दाराकडे पाहिलं.

"आमनाकडे कोठे व माय," भिकुबाई म्हणाली. "कंट्रोलना दिन. निजाले चादर नही." तिचे डोळे कणगीकडे गेले आणि लगेच परत आले.

"मग मी बघते," तानुबाई म्हणाली. जेवायला बसता बसता तिघांनीही सुटकेनं मान डोलावली. ती कुठून बघणार, हा प्रश्न पहिल्या मांड्यालाच विरघळला.

तिच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी एकच कापड होतं. लग्नात नेसलेली पिवळी अष्टपुत्री. ती नेसल्यानंतर पाच महिन्यांत नवरा प्लेगनं गेला, तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं घडी मोडलेली नव्हती. वाटणीपासून मात्र वर्षातून तीनदा ती बोचक्यातून या चुलीवरून त्या चुलीवर जात आली होती. एवढा प्रवास करून त्या कापडानं एकदाही काम केलं नव्हतं. तानुबाईनं कात्री लावली. कात्री लावताना हात थांबला, तो घडीच्या रेघेवर पिवळा रंग उडालेला होता म्हणून. तिनं घडी चुकवून कापलं.

दुपार कलेपर्यंत मशीनचा आवाज चालू होता. जेवून लवंडलेल्या तिघा भावांना तो आवाज आपापल्या बाजूनं लागलेल्या निकालासारखा वाटला.

चंची झाली तेव्हा सगळे ओसरीवर जमले. तानुबाईनं ती उलगडून सतरंजीवर ठेवली. लाल, काळा, पांढरा, तीन कप्पे शेजारीशेजारी, बांध घातलेल्या वाफ्यांसारखे. दोन कप्प्यांच्या मधली शिवण नानांनी बोटानं तपासली. आपल्याकडे सरकलेली नाही एवढं पाहून ते बसले.

"ठेव पोरी पेटी," आबा म्हणाले आणि भिकुबाईकडे पाहून हळूच म्हणाले, "सांजोऱ्या दिध्यात ना?"

पुष्पानं पेटी लाल कप्प्याशी नेली. पेटी चौकोनी होती. आडवी धरली, उभी धरली. प्रत्येक वेळी दोन बोटं जास्त. कप्प्याचं तोंड ताणलं तसं पागोटं कुरकुरलं. मग काळ्याशी नेली. मग पांढऱ्याशी. खादी ताणायचा प्रश्नच नव्हता.

"माप चुकलं," नाना म्हणाले.

"माप तुमच्यासमोर घेतलं," तानुबाई म्हणाली.

"मग दोन कप्प्यांतली शिवण उसव. एक मोठा कर."

"कोना दोन?" आबांनी विचारलं. "मना नि तुना? का तुना नि वनाना?"

"तुमच्या दोघांचा मोठा झाला तर माझा सारख्या मापाचा कसा राहिला?" वना म्हणाला. "कलम पहिलं वाचा, नाना."

नानांनी आपलंच कलम वाचलं. ते चांगलं लिहिलेलं होतं; फट सापडेना. वर्गात चंची लागणार, चंचीत पेटी लागणार, आणि तीन चुलींच्या चोख न्यायातून अशी चंची निघाली होती की तिच्यात रबर आरामात हरवलं असतं आणि पेटी बाहेर राहिली असती.

पुष्पानं पेटी छातीशी धरली. शाळा जाते की काय, हे प्रथमच तिच्या चेहऱ्यावर दिसलं. यशोदाबाईनं पदर तोंडाशी नेला.

तानुबाईनं चंची स्वतःकडे ओढली, उलटी केली. पाठ दुहेरी होती. तीन बाजूंनी शिवलेली आणि वरच्या बाजूनं मोकळी. तिनं मुलीच्या हातातली पेटी घेतली आणि त्या दोन पिवळ्या थरांच्या मध्ये सोडली. पेटी आत गेली, बसली, आणि वर भरपूर जागा उरली.

पुष्पा म्हणाली, "मी हा कप्पा ठरवला."

"हा कप्पाच नाही," नाना म्हणाले. "ही पाठ आहे."

"पेटी आत आहे ना? मग कप्पा," वना म्हणाला. आश्रम हातातून गेल्याचं त्याला कळलं होतं, पण नानांची फुकटची मोलकरीणही गेली होती, आणि या दुसऱ्या गोष्टीत पहिलीचं सांत्वन होतं.

"तानुची चूल नाही. ती पक्षकार नाही."

"नाहीच मी, नाना," तानुबाई म्हणाली. "कलमात 'कापड देणारा' आहे, चुलीचं नाव नाही. कापड माझं आहे. नको असेल तर उसवून घेते. पाठीला दुसरं कोण देतं तेवढं सांगा."

तिनं कात्री उचलून शिवणीवर टेकवली आणि वाट पाहिली.

आबांनी नानांकडे पाहिलं, नानांनी वनाकडे, वनानं देशाच्या परिस्थितीकडे. भिकुबाई मात्र पिवळ्या कापडाकडे टक लावून होती. तिनं ते ओळखलं. अष्टपुत्री. विधवेच्या लग्नाचं लुगडं कुंवार पोरीच्या वस्तूला. असा अपशकुन कुणी पाहिला होता का? एक शब्द बोलायचा अवकाश, सगळं मोडलं असतं. चार महिन्यांची ज्वारी वाचली असती. तिनं तोंड उघडलं.

"वहिनी," तानुबाई अगदी हळू म्हणाली, "मांजरपाट असता तर बरा दिसला असता, नाही? कणगीत बाजरीखाली ठेवावा इतका कोरा नसला, तरी चाललं असतं."

भिकुबाईनं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "पिव्वा रंग चांगला शे. हयदना. शुभ ऱ्हास."

आबांनी मान हलवली. बायको शुभ म्हणते आहे, नानाला फुकटची पोर मिळत नाही, वनाचा आश्रम बुडाला. थोरल्यानं आणखी काय मागायचं? "मंग कोठे ऱ्हाशी, तानु?"

"धनकुंवरबाईंच्या माडीवर. पोरीची सोबत मी. सून आणि लेकी धरून पाच जणींचं शिवण आहे त्यांच्याकडे. भाडं शिवणातून फिटेल."

"हे कधी ठरलं?" नानांनी विचारलं.

"मागच्या पोळ्याला तुमच्याकडे होते तेव्हा. तुम्ही कचेरीत होता."

भिकुबाईला शेवटचा आधार आठवला. "मशीन जावाव नही. अखाजीपासून पोयापावत मशीन आमनं शे. कागद शे."

कागद होता. तानुबाईनं मशीनच्या चाकावर हात ठेवला, ते थांबलेलंच होतं, तरी थांबवल्यासारखा. मग तिनं झाकण घातलं.

"राहू द्या वहिनी. हातानं शिवीन. पोळ्याला ते नानांच्या पाळीनं धुळ्याला येतंच आहे."

आठ दिवसांनी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीत दोघी बसल्या. पुष्पाच्या मांडीवर गुंडाळलेली चंची होती, बाहेरून सगळी पिवळी. तापीचा उतार लागला तेव्हा तिनं फुईच्या नाकाकडे पाहिलं. ते समोर पाहत होतं.

आता हिशेब. आबांनी कसरीनं खाल्लेलं वीतभर पागोटं दिलं. पहिल्या पावसाआधीच त्या कप्प्यातून पेन्सिलीचं टोक बाहेर आलं. नानांनी अस्तराचा तुकडा दिला आणि मोलकरीण चालू ठेवली. वनानं वीतभर खादी दिली, तिच्यावर त्यानं तीन सभांत भाषण केलं. भिकुबाईनं काही दिलं नाही. मशीन तिच्या ओसरीवर चार महिने झाकून राहिलं आणि त्याच्यावर ज्वारीचा एक दाणा पडला नाही. मांजरपाट पुढच्या वर्षी कंट्रोल ढिलं व्हायच्या आत उंदरांनी वापरला. यशोदाबाईनं एक वाक्य दिलं, त्याची तिला घरी गेल्यावर किंमत पडली.

बाकीचं सगळं तानुबाईकडून: नऊ वार अष्टपुत्रीतला सव्वा वार, आणि पोळ्यापर्यंत हातशिवणीनं चाळणी झालेलं उजव्या हाताचं मधलं बोट. उरलेल्या अष्टपुत्रीचा तिनं खिडकीला पडदा केला.